जेवढं लागेल तेवढंच

दिल्लीच्या सरकारी नोकरीत एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते, आणि ती कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते. दहा खुर्च्या हव्या असतील तर वीस मागायच्या. वरचा साहेब निम्म्या कापतो. कापायला काही ठेवलंच नाही तर आज आपण काही कामच केलं नाही असं त्याला वाटतं, आणि मग तो दहाच्या पाच करतो. म्हणून खालचा दुप्पट मागतो, वरचा निम्मं देतो आणि सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. श्रीरंग खांबेटेच्या वडिलांनी याच मंत्रावर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये अख्खी नोकरी काढली. घरीसुद्धा दोन पोळ्या हव्या असल्या की ते चार सांगत, आणि आई काही न बोलता दोनच वाढे.

आता हे खुर्च्यांना ठीक आहे हो, पोळ्यांनाही ठीक आहे. पण कम्प्युटर म्हणजे काही श्रीरंगची आई नव्हे. त्याला चार सांगितलं की तो चारच धरून चालतो. इथेच श्रीरंगचं घोडं अडलं होतं, आणि तेही दीड वर्षापासून.

श्रीरंग नोएडातल्या एका सरकारी संगणक केंद्रात शास्त्रज्ञ होता. दोन हजार पाच-सहाचे दिवस. गुडगावात उठल्यासुटल्या एक काचेची इमारत उभी राहत होती, नोएडात काल जिथे मोहरीचं शेत होतं तिथे आज सोसायटीचं गेट आणि गेटावर सलाम ठोकणारा गार्ड. सरकारलाही वाटायला लागलं की आपणही काहीतरी नवं करावं. म्हणून ‘समन्वय’ नावाचा प्रकल्प निघाला. पाच ठिकाणचे मोठे कम्प्युटर केबलने एकमेकांना जोडायचे: नोएडाचे, दिल्लीतल्या दोन संस्थांचे, फरिदाबादचे आणि गुडगावच्या एका खाजगी कंपनीने मोठ्या मनाने देऊ केलेले. कुणा शास्त्रज्ञाला राक्षसी गणित करायचं असलं तर त्याचे तुकडे पाडून पाचही ठिकाणी वाटून द्यायचे. याला म्हणतात ग्रिड. आणि कुणाचं काम कधी, कुठल्या मशीनवर, कुणाच्या आधी आणि कुणाच्या मागून लावायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम श्रीरंगने लिहिला होता. ऑफिसात त्याला शेड्यूलर म्हणत. श्रीरंगची बायको हेमांगी त्याला ‘माझी सवत’ म्हणत असे.

प्रोग्रॅम सुरेख होता, त्यात शंका नाही. बंगलोरच्या परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. फक्त त्याला कामं देणारी माणसं दिल्लीची होती, तिथे सगळा घोटाळा झाला.

काम टाकताना एक रकाना भरायचा असे: हे काम किती तास चालेल? त्या उत्तरावर शेड्यूलर सगळी आखणी करायचा. लोकांनी काय करावं? वीस तासांचं काम असलं की बिनदिक्कत चाळीस लिहिले! का, तर ‘काट देंगे तो?’ अहो, कोण कापणार आहे? कापणारा साहेबच नाही तिथे! पण जित्याची खोड. आणि गंमत म्हणजे मशीनने खरोखरच चाळीस दिले, एक मिनिटही कापलं नाही, तेव्हा मंडळींना आनंदाचं भरतं आलं आणि पुढच्या वेळी त्यांनी ऐंशी लिहिले.

म्हणजे झालं काय, तर एका दिवसाच्या लग्नासाठी चार-चार दिवस कार्यालय अडवून ठेवल्यासारखं. लग्न पहिल्या दिवशी आटोपतं, वऱ्हाड निघून जातं, पण पुढच्या पार्टीला पाचव्या दिवसाची तारीख दिलेली; त्यांचं सामान अजून ट्रकमध्येसुद्धा चढलेलं नसतं. मग मधले तीन दिवस कार्यालय रिकामं आणि बाहेर लग्नाची मुलं ताटकळत. तसंच इथे. काम ठरल्यापेक्षा लवकर संपलं तरी पुढच्या कामाची माहिती दुसऱ्या संस्थेतून यायची असे, आणि ती यायची तिच्या ठरल्या दिवशीच. एकीकडे रांग पुढच्या महिन्यापर्यंत गेलेली आणि दुसरीकडे निम्मी मशीनं माशा मारत बसलेली.

“खांबेटे,” केंद्राचे डायरेक्टर भटनागर साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, “तुम्हारा शेड्यूलर सोता बहुत है, यार.”

श्रीरंगच्या तळपायाची आग मस्तकात जायची. झोपतो? माझा प्रोग्रॅम झोपतो? तुम्ही सगळे त्याच्याशी धडधडीत खोटं बोलता आणि वर तोच झोपतो?

शेवटी त्याने कंबर कसली. पाचही संस्थांमध्ये जाऊन भाषणं दिली. एकच पालुपद: जितना लगेगा, उतना ही लिखिए. आणि नवा नियम आणला. जो नेमके तास लिहील त्याचं काम मोठ्या कामांच्या मधल्या फटींमध्ये बसवून आधी घेतलं जाईल. पण लिहिलेले तास संपले आणि काम उरलेलं असलं, तर मशीन ते काम तिथल्या तिथे मारून टाकेल. हाताने मुदत वाढवून मिळणार नाही, कुणालाही नाही. कारण एकाला वाढवून दिली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या दिल्लीचे फोन येतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

लोकांनी भाषण ऐकलं, सामोसे खाल्ले, “बिल्कुल सही बात है” म्हणाले, आणि परत जाऊन पुन्हा ऐंशी लिहिले. पालथ्या घड्यावर पाणी! खरं म्हणजे त्याचं म्हणणं फक्त दोघींनी मनावर घेतलं. एक फरिदाबादला पीएचडी करणारी देवयानी. ती दुसऱ्याच दिवशी आपले सगळे तास निम्मे करून मोकळी झाली. आणि दुसऱ्या अहिल्याताई साळवे.

अहिल्याताई दिल्लीतल्या संस्थेत भूजलाचं काम करत. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. दिल्लीत येऊन तीसेक वर्षं झालेली, पण नाताळात करंज्या आणि शंकरपाळ्यांचा डबा श्रीरंगकडे न चुकता येई. दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद इथल्या शेकडो विहिरींचं आणि बोअरवेलचं पाणी दरवर्षी किती खाली जातं, हे त्यांनी उन्हातान्हात हिंडून, कधी जीपमधून तर कधी दूधवाल्याच्या स्कूटरवरून, स्वतः मोजत आणलं होतं. आता त्या सगळ्या मोजण्यांवरून एक मोठं गणित करायचं होतं: एवढ्या सोसायट्या, एवढ्या काचेच्या इमारती जमिनीतून पाणी उपसत राहिल्या तर पुढे काय होईल? आयुष्यभराच्या कामाचं उत्तर त्या एका गणितात होतं. आणि जानेवारीच्या अखेरीस त्या रिटायर होणार होत्या. सरकारी नोकरीत त्या तारखेनंतर लॉगिन बंद, खोली बंद, चहासुद्धा बंद.

त्यांचा प्रोग्रॅम जुन्या वळणाचा होता. एकदा सुरू केला की शेवटपर्यंत चालवायचा. मध्ये थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय त्यात नव्हती. मध्येच मेला की पहिल्यापासून सगळं.

जानेवारीच्या सुरुवातीला त्या नोएडाला श्रीरंगच्या खोलीत आल्या. अंगावर जाडजूड कोट, डोक्याला मफलर.

“छोटे छोटे तुकडे चालवून बघितले मी,” त्या म्हणाल्या. “नव्वद तास येतात. शंभर लिहू का रे?”

“ताई, तुम्हीसुद्धा?”

“अरे, दळण टाकतानाही आपण थोडं जास्तीच टाकतो. घट येते म्हणून.”

“पण हीच तर सवय मोडायचीय ना!” श्रीरंग खुर्चीवरून उठलाच. “संक्रांतीनंतरच्या सोमवारी समिती येतेय. प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते ठरवणार. मला त्यांना एक तरी मोठं काम दाखवायचंय, की बघा, जेवढे तास सांगितले तेवढ्यातच झालं. तुमचंच दाखवणार आहे मी. बाकीच्यांचं काय दाखवू, कपाळ? तुम्ही जेवढं लागेल तेवढंच लिहा. नव्वद तर नव्वद.”

शंभर लिहिले असते तरी ते काम त्याच फटीत आरामात बसलं असतं. हे त्याला माहीत होतं. पण शंभरात तो डौल नव्हता. नव्वद सांगितले आणि नव्वदात झालं, हे वाक्य समितीपुढे कसं वाजेल ते त्याच्या कानात आधीच वाजत होतं.

“बरं बाबा. तुझं मशीन, तूच जाणे,” अहिल्याताई म्हणाल्या आणि त्यांनी नव्वद लिहिले. शेड्यूलरनेही शब्द पाळला. महिनाभराच्या रांगेला वळसा घालून काम लगेचच्या मंगळवारी संध्याकाळी सुरू झालं. शनिवारी दुपारी बाराला ते संपायचं होतं.

गुरुवारी भटनागर साहेबांनी श्रीरंगला बोलावलं. एका मंत्रालयाचं काम चालू होतं, त्याची मुदत संपत आली होती. वरून फोन आला होता, जरा वाढवून द्या.

“सर, नियम म्हणजे नियम,” श्रीरंग म्हणाला. “एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल.”

साहेब हसले. “व्हेरी गुड! सोमवार को कमिटी के सामने यही जवाब देना. ये लोग सबसे पहले यही पूछेंगे कि हाथ से कितनी बार छेड़ा. एक बार भी निकला, तो कहेंगे प्रोग्रॅम में दम नहीं, बंद करो.”

श्रीरंग छाती फुगवून बाहेर आला. साहेब नुसते ‘व्हेरी गुड’ म्हणाले, ‘नाही देणार’ असं काही म्हणाले नाहीत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. भोळा सांब!

शनिवारी संक्रांत होती. दरवर्षीप्रमाणे दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला काला अंबला निघाली, युद्धात पडलेल्यांना फुलं वाहायला. कस्तुरबा गांधी मार्गावरून धुक्यात बस सुटली. श्रीरंग, हेमांगी आणि त्यांच्या पुढच्याच सीटवर अहिल्याताई. कुणीतरी ‘चला, पुन्हा एकदा पानिपत करून येऊ’ असा दरसालचा विनोद केला आणि दरसालप्रमाणे दोघंतिघं हसले. हेमांगीने तिळगुळाचा डबा फिरवला. अहिल्याताई आज खुशीत होत्या. पानिपतच्या बाजूच्या विहिरींचं पाणी कुठल्या साली किती खाली होतं ते त्या खिडकीतून बोट दाखवत सांगत होत्या, आणि मधूनच म्हणत होत्या, “आज दुपारी कळेलच म्हणा सगळं.”

ऊन पडलं तेव्हा बस पोचली. लोक स्मारकाच्या स्तंभाकडे निघाले होते आणि श्रीरंगचा मोबाईल वाजला. केंद्रातून तनेजा बोलत होता. शनिवारची ड्यूटी त्याची होती.

“सर, साळवे मॅडम का जॉब लेट चल रहा है.”

“लेट? लेट कैसे?”

कसं काय, ते ऐका. गुडगावात नव्या मॉलचा पाया खणताना शुक्रवारी सकाळी जेसीबीने केबल तोडली होती. गुडगावच्या मशीनांकडून येणारे तुकडे तेव्हापासून जुन्या, मंद लाइनवरून रखडत येत होते, आणि बाकी चार ठिकाणची मशीनं त्यांची वाट बघत बसत होती. कंपनीने कुणाला कळवलंसुद्धा नाही; त्यांच्या स्वतःच्या कामाला दुसरी केबल होती. विचारायची सोय नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय?

“और चार घंटे चाहिए, सर. बारा बजे तो कट जाएगा. लिमिट बढ़ा दूँ? आप बस पासवर्ड बोल दीजिए.”

रांगेतलं त्यानंतरचं काम रविवारी सकाळी लागायचं होतं. मधली सगळी मशीनं मोकळी होती. चार तास वाढवले असते तर कुणाच्या बापाचं काही जाणार नव्हतं. श्रीरंगने फोन कानाला लावूनच घड्याळ बघितलं.

अहिल्याताई मागे वळून आल्या. त्याचा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं. “माझंच आहे का रे?”

त्याने सगळं सांगितलं. केबल, जेसीबी, चार तास.

“मग वाढव ना,” त्या साधेपणाने म्हणाल्या. “माझी चूक नाही त्यात. तुझीही नाही.”

“ताई, सोमवारी समिती...”

“हो, पण केबल तुटली असं सांग त्यांना.”

“ते केबल बघणार नाहीत हो! हाताने किती वेळा वाढवलं, तेवढंच बघतील. परवाच मंत्रालयाला नाही म्हणून आलोय मी. आता आपल्या माणसाला दिलं तर कोणत्या तोंडाने उभा राहू? लोक म्हणतील, मराठी-मराठी भाईचारा. पाच पोरं कॉन्ट्रॅक्टवर आहेत माझ्याकडे, प्रकल्प गुंडाळला तर त्यांनी कुठे जायचं?”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच तर ती भडाभडा बाहेर पडत होती.

“मी शंभर म्हणत होते,” एवढंच अहिल्याताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. मग हेमांगीच्या हातातली झेंडूची फुलं घेतली आणि बाकीच्यांबरोबर स्तंभाकडे चालू लागल्या. कोट घातलेली त्यांची ठेंगणी पाठ गर्दीत मिसळेपर्यंत श्रीरंग बघत राहिला.

“सर?” तनेजा अजून फोनवर होता. “रोमिंग लग रहा है आपका. क्या करूँ?”

“कुछ मत करो,” श्रीरंग म्हणाला.

बाराला काम मेलं. तनेजाने मेसेज पाठवला. सत्याण्णव टक्के झालं होतं.

परतीच्या प्रवासात अहिल्याताई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की नव्हत्या, देव जाणे. हेमांगीने सोनिपतपर्यंत तोंड उघडलं नाही. मग उघडलं ते दबक्या आवाजात, पण असं की विचारू नका.

“लाज नाही वाटली तुला? त्या बाईने तुझ्या शब्दावर नव्वद लिहिले!”

“नियम मी केलाय, हेमा. मीच मोडू?”

“हो, मोड! मोडला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं? नियम माणसांसाठी असतो ना? की माणसं नियमासाठी? बाकीचे ऐंशी-ऐंशी लिहून मजेत आहेत, त्यांचं काय वाकडं केलंस तू? सापडली कोण, तर खरं लिहिणारी!”

“म्हणूनच तर! त्यांचं खरं होतं म्हणून...”

“म्हणून मारलंस,” हेमांगी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

श्रीरंगला चीड येत होती, पण नक्की कुणाची ते कळत नव्हतं: जेसीबीची, गुडगावच्या कंपनीची, ऐंशी लिहिणाऱ्यांची की स्वतःची. एकच आशा त्याने धरून ठेवली होती. सोमवारी समितीपुढे ताठ मानेने सांगता येईल, एकदाही हात लावला नाही. निदान ताईंचं काम फुकट तरी गेलं नाही, असं म्हणता येईल. माणूस बुडायला लागला की काय काय धरतो!

सोमवारी समिती आली. बिस्किटं, काजू, चहा. श्रीरंगने पडद्यावर आलेख दाखवले. सगळे माना डोलावत होते. मग एका सदस्याने विचारलंच, “और मैन्युअल इंटरव्हेन्शन?”

“ज़ीरो, सर,” श्रीरंग म्हणाला.

“यहाँ तो दो दिख रहे हैं.” सदस्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

श्रीरंग गर्रकन वळला. खरंच दोन होते. शुक्रवारी एक आणि शनिवारी सकाळी एक. दोन्ही मंत्रालयाच्याच कामांना, दोन्ही डायरेक्टरच्या पासवर्डने. ज्या शनिवारी तो पानिपतात चार तासांसाठी जीव टांगणीला लावून उभा होता, त्याच शनिवारी सकाळी साहेबांनी घरी बसून, बहुधा पराठे खात, मंत्रालयाला दोन दिवस वाढवून दिले होते.

“अरे, वो तो एडमिनिस्ट्रेटिव्ह था,” भटनागर साहेब हसत म्हणाले. “वो इसमें नहीं गिनते.”

“हाँ हाँ, वो तो होता ही है,” सदस्यही हसले आणि त्यांनी काजू उचलले. एका मिनिटात विषय संपला. बाराच्या आत प्रकल्पाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. साहेबांनी श्रीरंगच्या पाठीवर थाप मारली. “बधाई हो, यार! अब तो मुस्कुराओ!”

तो हसला. न हसून सांगतो कुणाला?

खोलीत आला तर रांगेत अहिल्याताईंचं काम पुन्हा दिसलं. त्यांनी सकाळीच नव्याने टाकलं होतं. तासांच्या रकान्यात होतं एकशे ऐंशी. आणि एवढे तास म्हटल्यावर शेड्यूलरने ते इमानदारीत रांगेच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं, फेब्रुवारीच्या मध्यावर.

त्याने लगेच फोन लावला. “ताई, एकशे ऐंशी?”

“मग काय लिहू? नव्वद लिहून बघितले की.”

“अहो, पण त्यामुळे नंबर थेट फेब्रुवारीत गेलाय. तुम्ही तर या महिन्यात...”

“माहीत आहे मला. माझ्या जागी जो येईल तो बघेल उत्तर. त्याला समजलं तर समजलं. पण निदान ते मध्येच मरणार तरी नाही.” मग त्यांनीच विचारलं, “तुला समितीने काय सांगितलं? मिळाली का मुदत?”

“मिळाली.”

“बरं झालं,” अहिल्याताई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. हेच त्याला सहन होईना. टोमणा मारला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

फोन ठेवून श्रीरंगने खुर्ची पडद्याकडे ओढली. मग त्याने आपला पासवर्ड घातला. दीड वर्षात पहिल्यांदा. खड्ड्यात गेला नियम! दोन तर दोन, त्यात तिसरा. ताईंचं काम त्याने स्वतःच्या हाताने उचललं, एकशे ऐंशीचे शंभर केले आणि त्याला या आठवड्यात जागा शोधायला लागला.

पण जागा कुठे होती? मंत्रालयाची दोन कामं, त्यांना हात लावायची सोय नाही. साहेबांच्या मित्राचं एक, एकशे साठ तासांचं, कालच सुरू झालेलं. त्यामागे एक खासदारांच्या जावयाच्या कॉलेजचं. जो तो आपापल्या पसरट जागेवर पाय लांब करून बसलेला आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं. बळी तो कान पिळी. हलवता येईल असं संपूर्ण आठवड्यात एकच काम होतं. मधल्या फटीत नीट अंग चोरून बसलेलं, सव्वीस तासांचं. ते बाजूला केलं की दोन्हीकडची मोकळी जागा एक होत होती आणि ताईंचं काम त्यात बरोबर मावत होतं.

ते देवयानीचं होतं. त्याने नाव वाचलं, दोनदा वाचलं. मग ते काम रांगेच्या टोकाला पाठवून दिलं.

चहा येईपर्यंत फोन आलाच. देवयानीचे आईवडील अमरावतीचे, पण ती दिल्लीतच वाढलेली. तिचं मराठी धावत्या रिक्षासारखं.

“सर, सॉरी हं, डिस्टर्ब करते. माझं जॉब आज रात्री लागणार होतं ना? आता एकदम फेब्रुवारी दाखवतंय. शुक्रवारी गाईडना रिझल्ट द्यायचे आहेत. माझ्याकडून काही मिस्टेक झाली का?”

“नाही,” श्रीरंग म्हणाला.

“कारण मी तर करेक्टच लिहिलं होतं, सर. तुम्ही लेक्चरमध्ये सांगितलं तसंच. सव्वीस लागतात, तर सव्वीसच लिहिले. तीनदा चेक केलं मी.”

खरं सांगायचं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अहिल्याताई, केबल, समिती, साहेबांचे पराठे. पण ते सगळं त्या पोरीला सांगून तिच्या शुक्रवारचं काय होणार होतं? आणि सिस्टीममध्ये गडबड झाली असं खोटं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने डोळे मिटले.

“पुढच्या वेळी बावन्न लिही,” तो म्हणाला.

पलीकडून पेन शोधल्याचा आवाज आला.

“फिफ्टी टू,” देवयानी लिहून घेत म्हणाली. “अच्छा, असं करायचं असतं का? ओके सर. थँक यू सो मच.”